रेसिंग गेममधलं मॉडिफिकेशन सुधारायचंय? पार्ट वाढवण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची छोटी टीम सर्किट रेसिंगचा गेम करतेय. गॅरेजमध्ये साठेक पार्ट आहेत आणि प्रत्येकाचे तीन टप्पे आहेत. ज्यांना गेम खेळून बघायला दिला ते सगळे एकच करतात: पैसे जमले की इंजिनाचा तिसरा टप्पा, मग टायर, मग वजन कमी करणं. बाकीचा मेनू कुणी उघडतही नाही. शेवटी सगळ्यांच्या गाड्या सारख्याच होतात, आणि हेच खेळाडू वर म्हणतात, "मॉडिफिकेशनचे ऑप्शन कमी आहेत." तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: आणखी कोणते पार्ट घालावेत, गाडीला एकच रेटिंगचा आकडा द्यावा का, आणि सस्पेन्शनचं बारीक ट्यूनिंग पहिल्यापासून खुलं ठेवावं की हळूहळू उघडावं.

मी बरीच वर्षं रेसिंग गेमसाठी गाड्यांचं फिजिक्स आणि अपग्रेडची मांडणी हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेळाडूंची तक्रार खरी आहे, फक्त ती शब्दशः घेऊ नका. साठ पार्ट असूनही त्यांना ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. तिसरा टप्पा दुसऱ्यापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस असेल, तर तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. पैसे आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. अशा मेनूत आणखी वीस पार्ट घातलेत तर खरेदीची यादी लांबेल आणि गाड्या होत्या तशाच राहतील. मी कुठलाही पार्ट दोन कसोट्यांवर घासून बघतो. त्याने काही दिलं तर काही घेतलंही पाहिजे. आणि जे दिलं-घेतलं ते खेळाडूला एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, जाणवलं पाहिजे. यात न बसणारा पार्ट एकतर दुरुस्त करायचा, नाहीतर काढून टाकायचा.

काही गोष्टी तुमच्या गेमवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. गेम आर्केड धाटणीचा (खऱ्या गाडीच्या गणितापेक्षा सोप्या मजेवर भर देणारा) असेल, तर खाली लिहिलेल्यातलं निम्मं फिजिक्स तुम्हाला लागणार नाही. पण देण्याघेण्याचं तत्त्व तिथेही तसंच चालतं. बहुतेक खेळाडू कंट्रोलरवर खेळणार असतील, तर सूक्ष्म फरक त्यांच्या हाताला कळणार नाहीत, म्हणून फरक ठळक ठेवावे लागतील. ऑनलाइन शर्यती असतील तर समतोल फार काटेकोर लागतो. एकट्याने खेळायचा गेम असेल तर एखादी भन्नाट गाडी जमून येणं हाच आनंद असतो, तो मारू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचं फिजिक्स आत्ता काय काय मोजतं. गेमच्या फिजिक्समध्ये ज्या गोष्टीचं गणितच नाही, तिचा पार्ट विकायला ठेवला की नुसता आकडा बदलतो, गाडी बदलत नाही.

म्हणून सुरुवात टायरपासून करा. अनेक छोट्या गेममध्ये टायरची पकड म्हणजे चाकावरचा भार गुणिले घर्षणाचा एक ठरलेला गुणांक, इतकं साधं गणित असतं. या गणितात वजन कमी केलं तरी वळणातला वेग बदलत नाही, कारण लागणारं बल आणि मिळणारी पकड दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. रुंद टायर लावला तरी काही होत नाही. अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) कडक केला तरी पुढच्या-मागच्या पकडीचा तोल जागचा हलत नाही. मग डेव्हलपर काय करतात, तर प्रत्येक पार्टला 'ग्रिप अधिक पाच टक्के' असा शिक्का मारतात. इथेच सगळे पार्ट एकसारखे होऊन बसतात.

खऱ्या टायरमध्ये भार वाढला की गुणांक कमी होतो. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. एवढी एक गोष्ट गणितात आणलीत की बरेच पार्ट आपोआप जिवंत होतात. हलकी गाडी वळणात खरोखर जोरात जाते. वळताना भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जातो, आणि पुढच्या किंवा मागच्या ज्या जोडीत हे जास्त घडतं तिची एकूण पकड थोडी घटते. म्हणून पुढचा बार कडक केला की पुढची पकड कमी होऊन अंडरस्टिअर येतो (स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते), आणि मागचा कडक केला की शेपूट सैल होते. डेल्फ्ट विद्यापीठ आणि व्होल्व्होमधल्या मंडळींनी १९८७ साली मांडलेलं, पुढे 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून प्रसिद्ध झालेलं समीकरण वापरलंत तर उत्तमच. पण तेवढं जमत नसेल तर गुणांकाला भाराप्रमाणे उतरणारी एक सरळ रेष लावा. तेवढ्यानेही फरक स्पष्ट दिसतो.

ब्रेकचं उदाहरण तर हटकून तपासा. बहुतेक गेममध्ये मोठा ब्रेक-किट 'थांबण्याचं अंतर कमी' म्हणून विकला जातो. पण गाडीचे मूळ ब्रेक जर चाकं लॉक करू शकत असतील, तर थांबण्याचं अंतर टायर ठरवतो, डिस्क नाही. शर्यतीत मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग उष्णता झेलण्यात आहे. १४०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणताना साधारण १.८ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर टाकावी लागते, आणि ब्रेकनेच थांबवलंत तर त्यातली बहुतेक उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. हे प्रत्येक लॅपला, प्रत्येक मोठ्या वळणाआधी घडतं. तुमच्या गेममध्ये ब्रेकचं तापमान नसेल तर हा पार्ट निरर्थक आहे. ते आणणं कठीणही नाही: प्रत्येक अ‍ॅक्सलला तापमानाचा एक आकडा ठेवा (पुढच्या चाकांच्या जोडीला एक, मागच्या जोडीला एक), ब्रेक दाबला की तो वाढेल, वाऱ्याने उतरेल, आणि एका मर्यादेपलीकडे ब्रेकची ताकद घटेल. आता देणंघेणं बघा. मोठी डिस्क उशिरा तापते, पण चाकाशी वजन वाढवते. रेसिंग पॅड गरम असताना जबरदस्त चावतो, पण पहिल्या लॅपला थंड असताना कमी धरतो. तीन लॅपच्या शर्यतीला एक पॅड आणि वीस लॅपच्या शर्यतीला दुसरा, असा विचार खेळाडू आपण होऊन करायला लागतो.

इंजिनाकडे येतो, कारण तुमचे सगळे खेळाडू तिथेच धावताहेत.

ताकद वाढवण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण ताकदीचा परतावा वेगानुसार झपाट्याने घटतो आणि तुमच्या फिजिक्सने हे दाखवलं पाहिजे. वाऱ्याचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३०० अश्वशक्तीची गाडी ताशी २५० पर्यंत जात असेल, तर ४०० अश्वशक्ती करूनही ती २७५ च्या आसपासच पोहोचेल. ताकद तेहतीस टक्के जास्त, वेग दहा टक्के जास्त. हा नियम गेममध्ये आहे का ते आधी बघा. कित्येक ठिकाणी कमाल वेगाचा आकडा पार्टला थेट चिकटवलेला असतो, आणि मग इंजिन अजिंक्य होतं यात नवल नाही.

त्यानंतर 'टप्पा एक, दोन, तीन' ही रचनाच मोडा. टर्बोचे (इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पार्टचे) तीन टप्पे ठेवण्याऐवजी तीन स्वभावाचे टर्बो ठेवा. लहान टर्बो कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भरतो, वर गेल्यावर दम सोडतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, पण वरच्या टोकाला प्रचंड ओढतो. मधला या दोघांच्या मध्ये. एवढं केल्यावर एक मजेशीर गोष्ट घडते: टर्बोची निवड गिअरबॉक्सच्या निवडीत अडकते.

हे आकड्यांत दाखवतो. समजा मोठा टर्बो ५००० आरपीएमनंतर भरतो आणि गाडी ७००० ला गिअर टाकते. दोन गिअरमधलं गुणोत्तर १.६ असेल तर वरचा गिअर टाकल्यावर आरपीएमची सुई ४३७५ वर येते. टर्बो झोपला. खेळाडू थ्रॉटल दाबून बसतो आणि गाडी सेकंदभर काहीच करत नाही. आता जवळच्या गुणोत्तरांचा गिअरबॉक्स लावा, १.३ चा. सुई ५३८५ वर येते आणि टर्बो जागाच राहतो. म्हणजे सगळ्यात महागडा टर्बो मूळ गिअरबॉक्सवर लावला तर काही ट्रॅकवर गाडी आधीपेक्षा हळू होईल, आणि तसं व्हायलाच हवं. पण जवळच्या गुणोत्तरांनाही किंमत आहे: तेवढ्याच गिअरमध्ये एकतर पहिला गिअर लांब होऊन सुरुवात मंदावते, नाहीतर लांब सरळ रस्त्यावर शेवटचा गिअर लवकर संपतो. खेळाडूला इथे खरोखर डोकं चालवावं लागतं. साठ पार्टच्या मेनूत न सापडलेली मजा या दोन पार्टच्या जोडीत सापडते.

एक काळजी मात्र घ्या. असा उलटा परिणाम होणार असेल तर मेनूत तो आधी दिसलाच पाहिजे. टॉर्कचा (इंजिनाच्या ओढीचा) आलेख दाखवा आणि त्यावर प्रत्येक गिअर टाकल्यानंतर सुई कुठे पडते त्या खुणा दाखवा. आलेख समजत नाही अशांसाठी खाली एक वाक्य: "या गिअरबॉक्सवर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना टर्बो थांबेल." पार्टच्या वर्णनात मी नेहमी असं वाक्य लिहितो, ज्यात चाक, वळण किंवा गिअर यांचं नाव येतं. 'परफॉर्मन्स वाढवतो' या वाक्याने कुणालाही काही कळत नाही.

विंग आणि स्पॉयलरमध्ये हेच देणंघेणं निसर्गानेच दिलेलं आहे, फक्त ते प्रामाणिकपणे मोजा. डाउनफोर्स (वाऱ्याचा गाडीला खाली दाबणारा जोर) वेगाच्या वर्गाने वाढतो. एखादी मोठी विंग आणि स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची आडवी पट्टी) मिळून ताशी २०० ला गाडी साधारण १९० किलोने खाली दाबत असतील, तर १०० ला तोच दाब पन्नासेक किलो आणि ६० ला जेमतेम सतरा किलो असतो. म्हणजे मंद वळणात विंग जवळजवळ शोभेची आहे. उलट तिचा विरोध ताशी २५० ला पंचवीस-सत्तावीस अश्वशक्ती सहज खाऊ शकतो. माँझासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या टीम विंग एवढ्या बारीक करतात की ती नजरेत भरते, आणि मोनॅकोला मोठ्यात मोठी लावतात. मोनॅकोत सरळ रस्ता फारसा नाही, त्यामुळे विरोधाची किंमत तिथे जवळपास द्यावीच लागत नाही. तुमच्या गेममध्ये या दोन टोकांचे ट्रॅक आहेत का, हेही बघा. सगळे ट्रॅक मध्यम स्वभावाचे असतील तर पार्ट कितीही नीट केलेत तरी एकच सेटअप सगळीकडे जिंकेल. मॉडिफिकेशन सुधारण्यासाठी कधीकधी नवा पार्ट लागत नाही, दोन किलोमीटरचा सरळ रस्ता असलेला एक ट्रॅक लागतो.

सस्पेन्शनवर थोडा जास्त वेळ घेतो, कारण तुमचा तिसरा प्रश्न त्याबद्दल आहे आणि सगळ्यात जास्त खेळाडू इथेच कंटाळून मेनू बंद करतात.

नेहमीची अडचण अशी. खेळाडू स्प्रिंग कडक करतो, गाडी उड्या मारायला लागते, तो म्हणतो "कडक स्प्रिंग वाईट", आणि सगळं मूळ जागी नेऊन ठेवतो. चूक स्प्रिंगची नसते. समजा एका चाकावर ३०० किलो आहेत आणि स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटनची आहे. गाडीची वरखाली होण्याची वारंवारता साधारण १.६ हर्ट्झ येते. रस्त्यावरच्या जरा कडक गाडीसारखी. स्प्रिंग दुप्पट केली, ६० न्यूटन, की ती २.२५ हर्ट्झवर जाते, रेसिंग गाडीला शोभेल अशी. पण डॅम्पर (स्प्रिंगच्या उड्या शमवणारा पार्ट) तोच राहिला. आधी डॅम्पिंगचं प्रमाण ०.७ असेल तर आता ते ०.५ वर उतरलं, कारण लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या वर्गमुळाने वाढतं. गाडी उडते ती यामुळे. खेळाडूला हे गणित माहीत असण्याचं काही कारण नाही.

म्हणून मी स्प्रिंग आणि डॅम्पर एकमेकांना बांधून ठेवतो. खेळाडूने स्प्रिंग बदलली की डॅम्पर त्याच वर्गमुळाच्या प्रमाणात आपोआप सरकतो. ज्याला हे बंधन तोडायचं असेल त्याच्यासाठी बाजूला एक कुलूप ठेवायचं. उघडलं की दोन्ही वेगळे. वजन कमी करणारा पार्ट लावल्यावरही असंच: हलक्या गाडीवर जुनी स्प्रिंग जास्त कडक पडते आणि गाडीची उंचीही थोडी वाढते. अशा वेळी 'सस्पेन्शन नव्या वजनाला जुळवू का?' असं एकदा विचारा.

दुसरी गोष्ट स्लायडरच्या पायऱ्यांची. शंभर पायऱ्यांचा स्लायडर दिसायला भारदस्त वाटतो, पण तीन पायऱ्या सरकवून कुणालाही काही जाणवत नाही. खेळाडू दोनदा सरकवतो, फरक दिसत नाही, आणि आख्ख्या मेनूवरचा त्याचा विश्वास उडतो. पायऱ्या कमी ठेवा, सात किंवा नऊ, आणि शेजारच्या दोन पायऱ्यांमधला फरक डोळे मिटून सांगता येईल इतका ठेवा. हे तपासायची सोपी युक्ती आहे: टीममधल्या एकाने पायरी बदलायची, दुसऱ्याला न सांगता गाडी चालवायला द्यायची, आणि कुठल्या बाजूला बदलली ते ओळखायला सांगायचं. ओळखता आलं नाही तर पायरी लहान आहे.

आता खुलं ठेवायचं की कुलूपबंद? माझं उत्तर: खुलं. पण दर्शनी भागात स्प्रिंग-डॅम्परचे आकडे टाकू नका, तक्रारी टाका. 'वळणात शिरताना गाडी सरळच जाते', 'वळणातून बाहेर पडताना मागची चाकं सुटतात', 'कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) गाडी उडते', 'जोरात ब्रेक मारला की डगमगते'. खेळाडू तक्रार निवडतो, गेम दोन-तीन उपाय सुचवतो आणि प्रत्येकाची किंमत सांगतो. उदाहरणार्थ, शिरताना सरळ जात असेल तर पुढचा बार सैल करा (पण गाडी झुकेल जास्त), किंवा ब्रेकचा तोल थोडा मागे घ्या (पण मागची चाकं लॉक होण्याचा धोका), किंवा डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचं) थ्रॉटल सोडल्यावरचं लॉकिंग कमी करा (पण ब्रेक मारताना मागचा भाग अस्थिर होईल). ज्याला आकड्यांत शिरायचं तो एक बटण दाबून आत जातो. ही पद्धत नवख्याला शिकवतेही, कारण दहा वेळा तक्रार निवडल्यावर त्याला आतला कुठला स्लायडर हलतो ते पाठ होतं.

कुलपाबद्दल इतकं ठाम बोलतो त्यामागे या क्षेत्रातले ताजे दाखले आहेत. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये प्रत्येक गाडीची लेव्हल वाढवल्याशिवाय पार्ट उघडत नसत. खेळाडूंनी त्यावर इतकी नाराजी दाखवली की २०२४ मध्ये ती पद्धत बदलावी लागली. २०१७ च्या नीड फॉर स्पीड पेबॅकमध्ये अपग्रेड 'स्पीड कार्ड'च्या रूपात येत आणि हाताला काय लागेल हे बऱ्याच अंशी नशिबावर असे. तीही रचना खेळाडूंना रुचली नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट दुखावली गेली: आपली गाडी आपण विचार करून घडवली, ही भावना. प्रगतीसाठी कुलूप लागणारच असेल तर ते शर्यतींना लावा, गाड्यांना लावा. गाडीच्या आतल्या पार्टना लावू नका. पार्ट उलटवायला फुकट, विकलेला पार्ट परत घ्यायला फुकट, आणि विकत घेण्याआधी चालवून बघायला फुकट. प्रयोग महाग असला की लोक इंटरनेटवरून तयार सेटअप उचलतात आणि तुमचा मेनू पुन्हा ओस पडतो.

चालवून बघण्याची सोय ही माझ्या मते पार्टपेक्षाही मोठी सुधारणा आहे. गॅरेजमधून एका बटणावर ट्रॅक, एका बटणावर परत गॅरेज, मध्ये लोडिंग नाही. आणि ट्रॅकवर तुमच्याच जुन्या सेटअपचं भूत, म्हणजे त्या सेटअपवर आधी मारलेल्या फेरीची आभासी गाडी, शेजारी पळू द्या. भूतगाडी म्हटली की लोकांना लॅप रेकॉर्ड आठवतो, पण सेटअप समजण्यासाठी तिच्यासारखं साधन नाही. नवी विंग लावली; सरळ रस्त्यावर भूत हळूहळू पुढे सरकतं, जलद वळणात तुम्ही त्याला मागे टाकता, पुढच्या मंद वळणात दोघं बरोबर. आलेख न बघता खेळाडूला कळलं की विंगने कुठे दिलं आणि कुठे घेतलं. लॅपनंतर ट्रॅकच्या नकाशावर कमावलेली आणि गमावलेली जागा दोन रंगांत दाखवलीत तर आणखी चांगलं.

इथे एक छुपा शत्रू आहे: ड्रायव्हिंग असिस्ट, म्हणजे गाडी सांभाळायला गेमने केलेली मदत. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी मदत) पूर्ण चालू असताना डिफरन्शियल बदललं तर फरक जवळजवळ झाकला जातो, आणि कंट्रोलरसाठी स्टिअरिंग मऊ करणारा फिल्टर पुढच्या टोकाचे बारीक बदल गिळतो. असिस्ट चालू असेल तर त्या पार्टखाली स्पष्ट लिहा की याचा परिणाम कमी जाणवेल. आणि फरक कानाला, डोळ्यालाही कळू द्या. पहिल्या ग्रान टुरिस्मोमध्ये, १९९७ साली, 'रेसिंग मॉडिफिकेशन' घेतलं की रस्त्यावरच्या गाडीचं रूप बदलून ती रंग-नंबरांसह शर्यतीची दिसायला लागायची आणि वागायचीही तशी. पार्ट लावला हे गाडीकडे बघून समजणं किती मोलाचं असतं ते त्या एका ऑप्शनने दाखवून दिलं. खाली बसलेली गाडी, रुंद टायर, टर्बोची शीळ, सायलेन्सरचा आवाज, यावर वेळ खर्च करा. तो वाया जात नाही.

आता रेटिंगचा आकडा. फोर्झाचा परफॉर्मन्स इंडेक्स, ग्रान टुरिस्मोचे परफॉर्मन्स पॉइंट, दोन्ही याच गरजेतून आले: वेगवेगळ्या गाड्यांना एका शर्यतीत उभं करायचं तर काहीतरी मोजमाप लागतं. तेव्हा आकडा द्या, पण तो पार्टच्या किमतींची बेरीज करून काढू नका. बेरजेत पार्ट एकमेकांवर काय परिणाम करतात ते सुटतं; वरचं टर्बो-गिअरबॉक्सचं उदाहरणच घ्या. आकड्याने ज्या पार्टला कमी भाव दिला तो पार्ट सगळे लावतात, आणि दोन आठवड्यांत सगळ्या गाड्या पुन्हा सारख्या. ऑनलाइन गेममध्ये प्रत्येक गाडीला ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी रचना) लावण्याची लाट येते ती अशीच.

मी बॉट (माणसाऐवजी गाडी चालवणारा प्रोग्राम) चालवून आकडा काढतो. तीन ट्रॅक ठेवायचे: एक लांब सरळ रस्त्यांचा, एक वळणावळणांचा, एक दोन्हींच्या मधला. गाडी बदलली की बॉट तिन्ही ट्रॅकवर जाऊन वेळ देतो आणि आकडा त्या वेळांवरून येतो. खेळाडूच्या मशिनवर लगेच हे जमत नसेल तर आधी भरपूर जोड्या चालवून तक्ता बनवा आणि गेममध्ये त्यावरून अंदाज काढा. बॉट मात्र गाडीनुसार ब्रेकची जागा बदलणारा हवा. ठरलेल्या जागीच ब्रेक मारणारा बॉट चांगल्या टायरचा फायदा घेऊच शकत नाही आणि त्या पार्टला कमी लेखतो. शिवाय एका आकड्याऐवजी तिन्ही ट्रॅकचे तीन छोटे आकडे खेळाडूलाही दाखवा. एकूण रेटिंग सारखं असलेल्या दोन गाड्यांपैकी एक सरळ रस्त्याची आणि दुसरी वळणांची, हे त्यावरून एका नजरेत कळतं.

आणि सगळ्या शर्यती रेटिंगवर बेतू नका. खऱ्या मोटरस्पोर्टमध्ये दुसरे मार्गही आहेत. २००६ पासून चालत आलेल्या जीटी३ वर्गात पुढे इंजिन, मध्ये इंजिन, टर्बो, बिनटर्बो अशा अगदी वेगळ्या गाड्या एकत्र धावतात, आणि आयोजक वजन वाढवून, हवेचा पुरवठा आवळून, गाडीची किमान उंची ठरवून त्यांना जवळ आणतात. जपानच्या सुपर जीटीमध्ये यशस्वी गाडीवर पुढच्या शर्यतीला जास्तीचं वजन चढवतात. तुमच्या करिअर मोडमध्ये हे दोन्ही सुंदर बसेल. 'किमान ११०० किलो, कमाल ३०० अश्वशक्ती, टायर कुठलाही' अशी एक शर्यत. 'टायर रस्त्याचाच, बाकी मोकळीक' अशी दुसरी. नियम बदलला की त्याच पार्टचा नवा डाव मांडावा लागतो, आणि तुम्हाला एकही नवा पार्ट बनवावा लागत नाही. शर्यती लांब असतील तर इंधन आणि टायरची झीजही आणा. मग जास्त ताकदीला आपोआप किंमत लागते: टाकी लवकर रिकामी, मागचे टायर लवकर खलास.

टीम छोटी आहे, तेव्हा कामाचा क्रम मी असा लावेन. आधी टायरचं गणित आणि वाऱ्याचा विरोध, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. मग साठ पार्टपैकी प्रत्येक एकेकटा लावून बॉटला तिन्ही ट्रॅकवर पळवा आणि तक्ता काढा. ज्या ओळीत तिन्ही ठिकाणी फरक शून्याच्या आसपास आहे ते पार्ट बाजूला काढा. ज्या ओळीत तिन्ही ठिकाणी भरघोस फायदा आहे त्यांना किंमत जोडा, वजनाची, उष्णतेची, झिजेची, जी तुमच्या फिजिक्समध्ये खरोखर बसते ती. माझा अंदाज आहे की साठचे पंचवीस-तीस राहतील, आणि खेळाडूंना ते साठपेक्षा जास्त वाटतील. त्यानंतर चालवून बघायची सोय आणि भूतगाडी. तक्रारींवरून ट्यूनिंग त्याच्या पुढे. रेटिंग सगळ्यात शेवटी, कारण पार्ट बदलत असताना रेटिंग बसवलंत तर ते पुन्हा पुन्हा उसवावं लागेल.

सुधारणा झाली की नाही हे खेळाडूंना विचारून फारसं कळत नाही. ते तेव्हाही "आणखी ऑप्शन द्या" म्हणतील. त्यापेक्षा एक गोष्ट मोजा: एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना किती खेळाडू गाडीत काहीतरी बदलतात, आणि त्यातला कुठला पार्ट लावला-काढला जातो. आत्ता तुमच्याकडे हा आकडा नगण्य असणार. एकदा लावल्यावर कधीच न काढला जाणारा पार्ट अजून फुकटात काहीतरी देतोय, त्याच्याकडे पुन्हा बघा. ही नोंद पुढच्या चाचणीपासूनच ठेवायला लागा, आणि सेव्ह फाइलमध्ये गाडीसोबत ट्रॅकनुसार सेटअपचा इतिहास जाईल अशी जागा आत्ताच करून ठेवा. नंतर ती घुसवायची तर जुन्या सेव्ह फाइल मोडतात.